पाठीवरचा हात

“आधी बघ, मग माग.”

हे तिच्या तोंडून ऐकलं नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडायचा नाही. कुणी दुकानापुढे उभं राहून वजन सांगायला लागलं, की ती हातातला सुरा ओंडक्यावर आडवा ठेवायची, कमरेच्या फडक्याला हात पुसायची आणि हनुवटीनं बाहेरच्या खुंट्याकडे दाखवून म्हणायची, आधी बघ, मग माग. पोर आलं तरी तेच, साहेब आला तरी तेच. साहेबाला फार तर ‘बघा’ आणि ‘मागा’. मान द्यायचा तो तेवढाच.

होता होता तिचं नाव मागे पडलं आणि लहानथोर सगळे तिला बघकाकू म्हणायला लागले. तिला त्याचा राग नव्हता. उलट कुणी नावानं हाक मारली तर तीच इकडेतिकडे बघायची, की ही कोण बाई?

बघकाकू खाटकीण. नवरा गेला तेव्हा मुलगा अजून तिच्या कमरेला येत होता. नवऱ्याचे भाऊ म्हणाले, दुकान आम्ही बघतो, तू घर बघ. बाईनं सुरा धरणं बरं दिसत नाही, असंही कुणी म्हणालं. काकू म्हणाली, “बायका स्वयंपाकघरात रोज काय करतात? फुलं निवडतात?” आणि दुसऱ्या दिवशी दुकानाची फळी तिनंच उघडली.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. रस्त्याकडची बाजू सताड उघडी, तिला ना काच ना पडदा. आत आढ्याला आकडे, मधे जुन्या झाडाच्या बुंध्याचा ओंडका. सासऱ्याचे आणि नवऱ्याचे घाव झेलून तो मधोमध असा खोल झाला होता, की त्यात पाणी ओतलं तर चिमण्या प्यायला आल्या असत्या. दुकान बंद करताना काकू तो ओंडका मीठ घालून घासायची. दाराबाहेर खुंटा. त्या खुंट्यापाशी तिचा कायदा सुरू व्हायचा.

बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता ती बोकड आणून तिथं बांधायची, पुढ्यात पाला टाकायची. ज्याला मटण हवं त्यानं स्वतः यायचं, बोकडाच्या पाठीवर तळवा ठेवायचा आणि किती वाटे हवेत ते सांगायचं. निरोप चालत नसे, फोन चालत नसे, शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं सांगितलेलं चालत नसे. वाटे पुरे झाले की ती मुलाला हाक मारायची आणि बोकड मागच्या फरशीवर जायचा. वाटे पुरे झाले नाहीत, तर दावं सोडून ती त्याला परत गोठ्यात घेऊन जायची. आलेल्यांना सांगायची, आज तुमची भूक कमी पडली, बाजारातून वांगी घेऊन जा.

तळवा ठेवणं ऐकायला सोपं वाटतं. सकाळच्या गारठ्यात बोकडाची पाठ ऊबदार असते. हात लागला की कातडी पाण्यावर वारा जावा तशी थरथरून जाते. तळव्याखाली श्वास वरखाली होतो. आणि बोकड मान वळवून बघतो. त्याला काही माहीत नसतं, तो फक्त हातात पाला आहे का ते बघत असतो. एवढं झाल्यावर माणसानं वाट्यांचा आकडा सांगायचा. घरून ठरवून आलेला आकडा तिथं बऱ्याच जणांचा एकानं कमी व्हायचा.

हा कायदा तिला कुणी शिकवला नव्हता. नवऱ्यामागच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आपल्यालाही जमतं हे दिराजावांना दाखवायच्या भरात तिनं एक दांडगा मेंढा कापला. त्या दिवशी शेजारच्या गावात लग्न होतं आणि अर्धा गाव तिकडे जेवायला गेला होता. हे तिला कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. मटण आकड्यांना लटकत राहिलं. दुपार झाली, ऊन तापलं, माश्या आल्या. दिवस कलला तेव्हा तिनं कुदळ घेतली, घरामागच्या शेतात खड्डा खणला आणि आख्खा मेंढा पुरला. पुरल्यावर खड्ड्याच्या कडेला बसून राहिली. पुढे कधी तो विषय निघाला की म्हणायची, “मारताना माझा हात थरथरला नाही. पुरताना थरथरला. त्याला कुणी मागितलंच नव्हतं.”

पहिल्यांदा गावानं हसून घेतलं. पोस्टमन दोन बोटं टेकवून पळायचा, जणू तव्याला हात लागलाय. शिंप्यानं पाठीवर हात ठेवून वर मापही सांगितलं. शाळेचे हेडमास्तर यायचे ते आभाळाकडे बघत. काकू त्यांचं मनगट धरून हात जागेवर ठेवायची आणि शांतपणे सांगायची, “मास्तर, बोकड खाली आहे.”

गावचा न्हावी एकदा असाच आला. पाठीवर हात ठेवला तो काढीचना. मागच्यांनी आवाज दिले, अरे दाढी करतोस का त्याची? तो तसाच घरी निघून गेला आणि त्यानंतर त्यानं मटणाला हात लावला नाही. त्याची बायको तणतणत दुकानावर आली, म्हणाली, माझ्या नवऱ्याला काय केलंस? काकू म्हणाली, “माझं गिऱ्हाईक गेलं. तुझा नवरा घरीच आहे. रडायचं तर मी रडायला हवं.”

पण एक झालं. आमच्या गावात हाडाला मांस ठेवून कुणी पानावरून उठत नाही. कुणी तसा उठला तर त्याला अजून नावं ठेवतात.

काकूच्या शेजारी दूधवाली राहायची. तिच्या शेळ्या, तिचं दूध, तिचं दही, सगळं नामांकित. ती मटण खात नसे आणि ते सगळ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं खात नसे. दोघींच्या मधे एक कुंपण होतं आणि कुंपणावरून रोजचे टोमणे.

“किती धुतेस गं हात? तो वास काही जायचा नाही,” दूधवाली म्हणायची.

“खरंय. तुझ्या शेळ्यांचं मात्र नशीब मोठं. सगळ्यांना मुलीच होतात वाटतं.”

यावर दूधवाली आत निघून जायची. कारण मुली कशा होतील सगळ्यांना? अर्धी करडं बोकडच निघायची. दूध न देणारा जीव पोसायचा कशाला, म्हणून व्यापारी उजाडायच्या आत मागच्या फाटकातून ती घेऊन जायचा आणि तेवढा वेळ दूधवाली घरात रेडिओ मोठा करून बसायची. त्यातलीच काही फिरून काकूच्या खुंट्याला यायची. काकूनं एक दिवस व्यापाऱ्याला सांगून टाकलं, शेजारणीचं करडू मी तुझ्याकडून घेणार नाही. तिचं आहे, तिनं आणावं. पुढच्या दारानं आणावं.

आख्खा हिवाळा दोघी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी दूधवाली स्वतः दावं धरून दुकानापुढे उभी राहिली, मान पार उलट्या दिशेला. काकू म्हणाली, आण, पण तोंड इकडे कर. तिनं केलं. त्यानंतर प्रत्येक वेळी ती स्वतः यायची, करडाच्या पाठीवरून हात फिरवायची, नाक ओढत घरी जायची. आणि त्या वर्षापासून तिनं शेळ्या वाढवल्या नाहीत. जेवढ्यांचं बघवेल तेवढ्याच ठेवल्या. पुष्कळ गिऱ्हाइकं दुधाविना परत गेली.

एकदा काकू ओंडका घासत असताना दूधवालीनं मनातलं विचारलं. “तू रोज बघतेस. म्हणून तुझं पाप कमी होतं का गं?”

“नाही,” काकू म्हणाली. “कमी व्हावं म्हणून नाही बघत. केवढं आहे ते कळावं म्हणून बघते.”

वर्षं गेली. काकूचा मुलगा बापासारखा रुंद झाला. त्याचा हात हलका होता. जनावराला कळायच्या आत तो मोकळा व्हायचा. काकूची मनगटं मात्र सुजायला लागली होती. सत्तूर ती अजून चालवायची, वाटे अजून तीच घालायची, पण धडपडणारा बोकड धरणं तिच्यानं होत नव्हतं. मुलगा नसेल त्या दिवशी दुकान संपलं, हे गावाला दिसत होतं आणि तिलाही.

मुलाचं लग्न झालं ते मोठ्या रस्त्यावरच्या खाणावळवाल्याच्या मुलीशी. सून अबोल, कामाला चोख. व्याही मात्र बोलका माणूस. अंगानं भरलेला, कपडे कायम पांढरे, आणि जेवायला घालण्यात हात सढळ. त्याच्या खाणावळीतून कुणी पोट भरलं म्हणून उठला तर त्याला वाईट वाटायचं. आणखी वाढा, आणखी वाढा, असं तो टेबलाटेबलाशी जाऊन म्हणायचा. स्वतःही दोन वेळा मटणच खायचा. पण खुंट्यापाशी तो कधी आला नाही. माझं मन फार हळवं आहे, विहीणबाई, मला रक्त बघवत नाही, असं तो छातीला हात लावून सांगायचा. काकू म्हणायची, “बघवत नाही, पण पचतं.” व्याही मोठ्यानं हसायचा. काकू हसायची नाही.

व्याह्यानं खाणावळीवर नवा मजला चढवला. खाली मोठं दालन, काचेची दारं. वर राहायच्या खोल्या, खिडक्यांना जाडजूड पडदे. उघडायच्या दिवशी पंचक्रोशीला जेवण द्यायचं त्यानं ठरवलं आणि जावयाशी बोलणं केलं. जेवणाचं सगळं मटण तुमच्याकडून. त्यानंतर रोजचंही तुमच्याकडून. दुकानात थंड कपाट मी बसवून देतो, पुढे काच लावू, काचेला पडदा लावू. फक्त ते पाठीवर हात ठेवण्याचं बंद. कापा, पुड्या बांधा, गाडी येऊन घेऊन जाईल.

मुलगा हो म्हणून आला. जेवताना त्यानं आईपुढे हे मांडलं, आणि तो काही वेड्यासारखं बोलत नव्हता. लोक आता शहरातून बांधलेल्या पुड्या आणतात, तो म्हणाला. महिन्यातून कितीदा तरी वाटे भरत नाहीत आणि बोकड परत गोठ्यात जातो. उद्या मला मुलं होतील, त्यांना काय खुंटा दाखवू? मग त्यानं ताटातली बोटं थांबवली. “तू नाही म्हणालीस तर आम्ही दोघं वरच्या मजल्यावर राहायला जातोय. सासऱ्यांचं कोठार बघायला मला बोलावलंय. मग तुझा बोकड धरायला हा खुंटाच राहील, आई.”

सून मान खाली घालून भात कालवत होती. काकूनं आपलं ताट पुसून खाल्लं, उठली, ताट धुतलं. सकाळी मुलाला म्हणाली, व्याह्यांना सांग, लागतील तेवढी बोकडं देते. त्यांनी यायचं, एकेकावर हात ठेवायचा आणि न्यायचं.

मुलानं कपाळाला हात लावला, पण निरोप पोचवला.

दुसऱ्या दिवशी खाणावळीची गाडी आली. त्यातून व्याही उतरला नाही. मॅनेजर उतरला आणि त्याच्यामागून भांडी घासणारे, भाज्या चिरणारे, टेबलं पुसणारे, झाडूवाली बाई, असे सगळे उतरून खुंट्यापाशी रांगेत उभे राहिले. मॅनेजर हसून म्हणाला, “काकू, तुम्हाला हात हवेत ना? हे घ्या हात. मोजून घ्या.”

बघायला जमलेले लोक हसले. काकू रांगेपाशी गेली आणि पहिल्याच माणसाला विचारलं, तू त्या दिवशी मटण खाणार का रे? तो मॅनेजरकडे बघायला लागला. आम्हाला नसतं ते, तो म्हणाला, आम्हाला भात आणि पातळ आमटी. पुढच्याला विचारलं, त्याचंही तेच. झाडूवाली म्हणाली, उरलं तर मिळतं कधी, पण उरलेलं ते मागे टाकायला लावतात, गिऱ्हाइकाला शिळं दिलं म्हणून नाव नको यायला.

हसणं थांबलं. काकूनं मॅनेजरला सांगितलं, “खाणाऱ्याचा हात घेऊन या. हे राबणाऱ्यांचे हात आहेत, यांना कामाला घेऊन जा.”

गाडी जशी आली तशी गेली. मग मात्र व्याह्याला स्वतः यावं लागलं. गोष्ट आता मटणाची राहिली नव्हती, गावभर झाली होती. दुपार टळून गेल्यावर तो आला. पांढरे कपडे, अंगाला अत्तर, कपाळावर आठी. काकूनं बोकडं रांगेनं बांधून ठेवली होती. पहिला होता दूधवालीच्या शेळीचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. दूधवाली कुंपणापाशी उभी होती. सून दारात.

व्याह्यानं डोळे मिटून हात पुढे केला.

“डोळे उघडा, व्याही. माझ्या दुकानात अंधार नाही.”

त्यानं उघडले. तळवा पाठीवर ठेवला. बोकडाची कातडी थरथरली आणि व्याह्याचा हात उडाला. पण तो हट्टी माणूस, त्यानं पुन्हा ठेवला. बोकडानं मान वळवून त्याचं मनगट हुंगलं आणि घामाचं मीठ चाटायला सुरुवात केली. चाटत राहिला. व्याही उभा राहिला. मग दुसऱ्या बोकडापाशी गेला, तिथंही हात ठेवला. तिसऱ्यापाशी जाऊन थांबला. हात अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला.

“दोन पुरेत,” तो म्हणाला.

एवढं बोलून तो गेला असता तर बरं झालं असतं. आपण हरलो असं त्याला वाटलं, ते खरं तर हरणं नव्हतं. पण लोक बघत होते. त्यानं रुमालानं मनगट पुसलं आणि आवाज चढवला. म्हणाला, बाकीचं मी शहरातल्या कारखान्यातून आणतो, तिथं नाही कुणी असले खेळ करत. माझ्या दारातून माणूस अर्धपोटी गेलेला मला चालायचा नाही.

“तुमच्या पैशानं तुम्ही काही आणा,” काकू म्हणाली. “पण माझी दोन त्यात मिसळू नका. वेगळ्या भांड्यात शिजवा, वेगळी वाढा. ज्याच्यावर हात ठेवलाय ते कुणाच्या पोटात गेलं ते मला सांगता आलं पाहिजे. कबूल?”

कबूल, व्याही म्हणाला. मुलगा तिथंच उभा होता. तोही म्हणाला, कबूल आई, मी बघतो.

जेवणाच्या दिवशी मुलानं दोन्ही बोकड पहाटे कापले आणि मटण घेऊन तो पुढे गेला. काकू दुपारी गेली. ठेवणीतले कपडे, पायात नव्या वहाणा. बरोबर दूधवाली, कारण तिच्यासाठी वेगळं जेवण आहे असं व्याह्यानं मुद्दाम कळवलं होतं. दालन भरून गेलं होतं. काचेच्या दारांतून ऊन थेट टेबलांवर येत होतं आणि व्याही पांढऱ्या कपड्यांत टेबलाटेबलाशी जाऊन वाढायला लावत होता. विहिणीला त्यानं हात जोडून मानाच्या खुर्चीवर बसवलं.

काकूपुढे ताट आलं. तिनं वाढणाऱ्याला विचारलं, हे माझ्या भांड्यातलं की दुसरं? त्याला काही कळलं नाही. मागे विचारून येतो म्हणून गेला तो आलाच नाही. काकू उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिथं एका मोठ्या चुलीवर एकच भलामोठा हंडा होता. आचाऱ्याला तिनं तेच विचारलं. त्यानं पळीनं नुसतं तिच्या मुलाकडे दाखवलं. मुलगा कोठाराच्या दारात घामाघूम उभा होता.

“जागा नव्हती,” तो म्हणाला. “भांडी कमी पडली. घाई होती.” मग आईच्या तोंडाकडे बघून तो चिडला. “शिजल्यावर सगळं सारखंच असतं, आई. मटणाला काय नाव असतं का?”

काकू मागच्या अंगणात गेली. तिथं उष्ट्याचं पिंप होतं. झाडूवाली ताटं आणून त्यात पालथी करत होती, आणि पंगत अजून उठायची होती तरी पिंप काठाला आलं होतं. वर मटण. एकेक घास तोडून टाकलेलं, कुठं दातही न लागलेलं. सढळ हातानं वाढलेलं सगळं तिथं येऊन पडलं होतं. काकू वाकली. खूप वेळ बघत राहिली. त्या ढिगात ती आपलं शोधत होती, आणि जन्मभर सुरा धरलेल्या त्या बाईला आपलं ओळखता येत नव्हतं.

मग तिनं भाजीची हातगाडी ओढून आणली. झाडूवालीला म्हणाली, एक कड धर. दोघींनी झाकण लावून पिंप गाडीवर चढवलं. सुजलेल्या मनगटांनी काकूनं ते कसं उचललं ते तिलाच माहीत.

मुलगा धावत आला. हे काय करतेस?

“माझं कुठलं ते कळत नाही,” ती म्हणाली. “म्हणून सगळंच नेते.”

अंगणाचं मागचं फाटक उघडं होतं. तिथून काकूच्या शेताची वाट जवळची. पण तिनं गाडी वळवली आणि स्वयंपाकघरातून सरळ दालनात आणली.

चाकं फरशीवर खडखडली. बोलणी थांबत गेली, आधी जवळच्या टेबलांची, मग लांबच्यांची. मधोमध येऊन तिनं गाडी उभी केली आणि पिंपावरचं झाकण काढून खाली ठेवलं. वास सुटला. पुढचा एकजण नाकाला रुमाल लावून म्हणाला, अहो बाई, लोक जेवतायत.

“हेच जेवतायत,” काकू म्हणाली. “आधी बघितलं नाहीत. आता तरी बघा. ह्यातली दोन माझ्या दारात उभी होती, ती मला माहीत आहेत. बाकीची कुठं उभी होती, किती होती, ते इथं एकालाही माहीत नाही. तुम्हाला ती हवी होती म्हणून मेली असती तर मी काही बोलले नसते, तो माझा धंदा आहे. तुम्हाला नकोच होती.”

आवाज चढवलेला नव्हता. वाटे सांगावेत तशी ती बोलली. कुणी हसायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. एका बाईनं आपल्या मुलाचं ताट पुढे ओढून उरलेलं निमूट खायला घेतलं. कुणी ताट सारून उठला. कुणी पुटपुटलं, जेवायला बोलावून अपमान. हेडमास्तर एका टेबलाशी होते. ते पिंपात बघत होते, आभाळाकडे नाही.

व्याही लालबुंद होऊन जागेवरच उभा होता. तो वळला आणि जिना चढून वर गेला. सून त्याच्यामागून गेली.

मुलगा गाडीच्या आडवा आला. “माझं नाक कापलंस तू,” तो हळू आवाजात म्हणाला. “आता मी त्या दुकानात पाऊल टाकणार नाही. बोकड कोण धरतो ते बघ.”

“बघते,” काकू म्हणाली. “धरवला नाही तर बांधणार नाही. पण जिथं मला तोंड फिरवायला लागेल तिथं मी सुरा उचलणार नाही, मग तो तुझ्यासाठी का असेना.”

त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा बापाचं तोंड दिसत होतं. काकूनं हात पुढे करून त्याच्या कपाळावरचा घाम फडक्यानं पुसला, जसा लहानपणी पुसायची. मग गाडीचा दांडा धरला. तो बाजूला झाला.

दूधवालीनं आपलं ताट चाटूनपुसून संपवलं होतं. ती उठली, काचेच्या दाराशी गेली आणि दार धरून उभी राहिली. गाडी जाताना ती पिंपाला हात लावून म्हणाली, ठिपकेवाला ह्यातच आहे ना गं? काकूनं मान हलवली. दूधवाली म्हणाली, मी कुदळ घेऊन येते.

बाहेर ऊन रणरणत होतं. मोठा रस्ता ओलांडला की शेतांमधली पायवाट लागते. तिच्यावर हातगाडी नीट चालत नाही, एक चाक सारखं मातीत रुतायचं. काकू थांबायची, मनगट चोळायची, खांदा लावायची, आणि गाडी पुढे सरकायची. तिनं मागे वळून बघितलं नाही. नव्या वहाणा कधीतरी काढून तिनं गाडीवर ठेवल्या होत्या आणि अनवाणी चालली होती, ताठ, दांड्यावर दोन्ही हात.

वरच्या मजल्यावर व्याही पडद्याच्या फटीतून तिला बघत होता. सून मागून आली. तिनं पडद्याची दोरी धरली आणि तो पूर्ण बाजूला ओढला. ऊन एकदम आत आलं. व्याह्यानं डोळ्यांवर हात आडवा धरला, पण खिडकीपासून तो हलला नाही. गाडी बांधाला वळून दिसेनाशी होईपर्यंत बापलेक तिथंच उभी होती.